फुटबॉल प्रशिक्षकाचे लायसन्स: नोकरी सांभाळून सुरुवात कुठून करावी?

प्रश्न: डावा बचावपटू, घणसोली

नमस्कार. मी ऐरोलीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. महाविद्यालयाच्या आणि पुढे कंपनीच्या संघातून फुटबॉल खेळलो, पण जिल्हा पातळीच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. सध्या शनिवार-रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतील आठ ते बारा वर्षांच्या मुलामुलींना शिकवतो. सुरुवातीला हौस म्हणून केले, आता मुलांची संख्या वाढली आहे आणि पालक थोडे मानधनही देऊ लागले आहेत.

आमच्या सोसायटीच्या समितीने नुकताच असा ठराव केला की, आवारात मुलांना कोणताही खेळ शिकवणाऱ्याने मान्यताप्राप्त प्रमाणपत्र दाखवलेच पाहिजे. मागणी रास्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण अशी की, चौकशी करू लागल्यावर प्रत्येक जण वेगळी वाट दाखवतो. कोणी म्हणतो फुटबॉल महासंघाचे डी लायसन्स कर, कोणी म्हणतो पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेखेरीज, म्हणजे एनआयएसखेरीज कशालाच किंमत नाही, आणि एका खाजगी संस्थेने तर घरबसल्या काही तासांत मिळणारे ‘आंतरराष्ट्रीय’ प्रशस्तिपत्र बऱ्यापैकी महाग किमतीला देऊ केले आहे. त्यातच एका मित्राने ऐकवले की, युरोपातले नामवंत मॅनेजरसुद्धा लायसन्सशिवाय संघ सांभाळतात, मग तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस?

माझ्यासारख्याने, ज्याला नोकरी सोडायची नाही पण हे काम नीट करायचे आहे, नेमके काय करावे? आणि या लायसन्सला मैदानावर खरोखर काही अर्थ आहे का, हेही जाणकारांनी स्पष्टपणे सांगावे.

उत्तर: कोपरीचा प्रशिक्षक, ठाणे पूर्व

सर्वप्रथम त्या घरबसल्या प्रशस्तिपत्राचा नाद सोडा. भारतात फुटबॉल प्रशिक्षकाची अधिकृत शिडी एकच आहे. ती अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि आशियाई फुटबॉल महासंघ म्हणजे एएफसी यांची आहे, आणि या शिडीवरची पायरी असल्याखेरीज महासंघाच्या स्पर्धेत संघाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसण्याचा प्रश्न आला की, परदेशी नावाचा कितीही चकचकीत कागद असला तरी तो तुमच्या बॅगेतच राहतो. परदेशातून शिकून येणे वेगळे. युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या लायसन्सला आशियात मान्यता मिळू शकते, पण तीही रीतसर पडताळणी झाल्यावरच.

शिडी खालून वर अशी आहे. अगदी नवख्यांसाठी महासंघाचे ई प्रमाणपत्र, त्यावर डी, मग सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो डिप्लोमा. गोलरक्षकांचे प्रशिक्षक, तंदुरुस्तीचे प्रशिक्षक आणि फुटसाल (लहान मैदानावरचे पाच-पाच जणांचे फुटबॉल) यांच्या स्वतंत्र पायऱ्या आहेत. त्यांचा विचार तुम्ही आत्ता करू नये. आधी ई करावे लागेल की थेट डीला प्रवेश मिळेल, हे त्या त्या वर्गाच्या जाहिरातीत पाहून घ्या. आपल्या राज्यातले वर्ग विफाच्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या यजमानपदाखाली भरतात. जागा मोजक्या असतात आणि त्या लवकर भरतात, म्हणून महासंघाच्या संकेतस्थळावर आणि विफाच्या घोषणांवर लक्ष ठेवावे लागते. डीचा वर्ग साधारण आठवडाभराचा असतो, तेव्हा नोकरदार माणसाला साठवलेली रजा पुरते.

तुम्ही जिल्ह्याच्या वर खेळला नाहीत याचे मनावर घेऊ नका. डीला राष्ट्रीय खेळाडू असावे लागत नाही. खेळ समजलेला असावा, चेंडूशी ओळख असावी, आणि दिवसभर उन्हात धावण्याची तयारी असावी, एवढे पुरे.

आता मैदानावर त्याचा उपयोग काय, ते सांगतो, कारण लोक सहसा ही गोष्ट सोडून शुल्काचीच चर्चा करतात. या वर्गात प्रात्यक्षिक परीक्षा असते. तुम्हाला एक विषय दिला जातो, समजा ‘पाठीमागून दबाव असताना चेंडू ताब्यात घेऊन वळणे’, आणि वर्गातले सहकारीच तुमचे खेळाडू होतात. थोडक्या मिनिटांत तुम्ही आखलेला सराव घेऊन दाखवायचा. परीक्षक कडेला वही घेऊन उभा असतो आणि तो तुमचा स्वतःचा खेळ किती सफाईदार आहे हे मुळीच पाहत नाही. तो पाहतो की तुम्ही कुठे उभे आहात. सगळे खेळाडू तुमच्या नजरेच्या टप्प्यात आहेत की निम्मे पाठीमागे आहेत? समजावून सांगताना सूर्य तुमच्या डोळ्यांवर आहे की त्यांच्या? चेंडू एकाकडे आणि बाकीचे सात जण रांगेत कंबरेवर हात ठेवून उभे, असे तर झाले नाही ना? चूक दिसल्यावर तुम्ही खेळ थांबवला, तेव्हा सगळे होते त्या जागीच थांबले की तुम्ही बोलेपर्यंत चित्रच बदलून गेले? आणि थांबवून जे सांगितले ते एका वाक्यात होते की भाषण झाले?

मी स्वतः सीपर्यंत आलो आहे, आणि चांगले नाव असलेले खेळाडू याच परीक्षेत गांगरताना पाहिले आहेत. पंधरा वर्षे जे पाय आपोआप करत आले, ते दहा वर्षांच्या मुलाला तीन शब्दांत कसे सांगायचे, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडलेला असतो. तुमच्या पुढच्या शनिवारच्या सरावात घड्याळ लावून एकच गोष्ट मोजा: एका मुलाचा पाय मिनिटाभरात चेंडूला किती वेळा लागतो. वर्गाला जाण्याआधी एवढे केलेत तरी निम्मी तयारी झाली असे समजा.

सीचा वर्ग बराच मोठा असतो आणि टप्प्यांत घेतला जातो, मध्ये तुम्ही तुमच्या संघाबरोबर काम करावे अशी अपेक्षा असते. डी मिळाल्याबरोबर सीच्या मागे धावू नका. हातात सांभाळायला रीतसर संघ नसेल तर सीमध्ये शिकलेले वापरणार कुठे?

उत्तर: रात्रीचा प्रेक्षक, वाशी

प्रश्नकर्त्याच्या मित्राने सांगितलेले अगदीच खोटे नाही, म्हणून तो भाग मी लिहितो. मी प्रशिक्षक नाही, पण युरोपातले सामने आणि त्यामागचे नियम यांचा नाद मला फार जुना आहे.

युएफाने प्रशिक्षकांच्या पात्रतेचा करार १९९८ पासून लागू केला आणि पुढे अव्वल विभागातल्या मुख्य प्रशिक्षकाला प्रो लायसन्स बंधनकारक झाले. नियम झाला तशी पळवाटही झाली. २००६ मध्ये इंग्लंडच्या मिडल्सब्रो क्लबने गॅरेथ साउथगेट यांना मॅनेजर केले तेव्हा त्यांच्याकडे आवश्यक पात्रता नव्हती, त्यासाठी खास सवलत मिळवावी लागली. २००७ मध्ये चेल्सीने मुरिन्यो यांच्या जागी आव्रम ग्रँट यांना आणले, तेव्हाही हाच वाद झाला. ग्रँट यांनी त्याच मोसमात संघाला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले आणि मॉस्कोत पेनल्टींवर तो गमावला. आंद्रेआ पिर्लो यांची गंमत तर आणखी निराळी: इटलीच्या युव्हेंटसने त्यांना ऑगस्ट २०२० मध्ये नेमले आणि इटलीच्या महासंघाच्या कोव्हर्चानोच्या केंद्रातून त्यांचे प्रो लायसन्स आले सप्टेंबरमध्ये. म्हणजे आधी खुर्ची, मग परीक्षा.

सर्वांत रंजक प्रकरण फ्रान्समधले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये रँस संघाने विल स्टिल या तिशीच्या तरुणाकडे सूत्रे दिली. प्रो लायसन्स नसल्यामुळे क्लबला प्रत्येक सामन्यामागे २५ हजार युरो दंड भरावा लागत होता आणि क्लब तो मुकाट भरत होता, कारण संघ हरतच नव्हता.

जर्मनांनी तर यावर शब्दांचाच तोडगा काढला. फ्रांझ बेकेनबाउअर यांच्याकडे लायसन्स नव्हते, म्हणून १९८४ मध्ये त्यांना ‘बुंडेसट्रेनर’ (राष्ट्रीय प्रशिक्षक) न म्हणता ‘टीमशेफ’ (संघप्रमुख) असे नवे पद दिले गेले. १९९० चा विश्वचषक या टीमशेफनेच जिंकून दिला. २००० मध्ये रुडी फोलर यांच्या बाबतीत पुन्हा तेच झाले, कागदोपत्री जबाबदारी मिखाएल स्किबे यांच्या नावावर.

तेव्हा माझे मत असे की, लायसन्स हे गुणवत्तेचे माप नव्हे, ती प्रवेशाची पावती आहे. प्रतिभा असलेल्याला ती उशिरा मिळाली म्हणून काही बिघडत नाही, आणि नसलेल्याला लवकर मिळाली म्हणून काही साधत नाही.

उत्तर: निवृत्त क्रीडाशिक्षक, नौपाडा

चर्चा वाचून आनंद झाला. एनआयएसचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो, कारण या विषयात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ नेहमी होते.

पतियाळ्याची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे. तिची पदविका वर्षभराची आहे, फुटबॉलचा वर्ग कोलकात्याच्या केंद्रात भरत आला आहे. त्यात एका खेळाच्या तंत्राबरोबर शरीरक्रियाशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र, सरावाचे वार्षिक नियोजन असे सगळे पायाशुद्ध शिकवले जाते. शासनाच्या क्रीडा विभागात मार्गदर्शक म्हणून नोकरी हवी असेल तर ही पदविका विचारली जाते. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचे असेल तर बी.पी.एड. लागते. आणि महासंघाच्या स्पर्धांत क्लबचा संघ न्यायचा असेल तर वर कोपरीच्या मित्रांनी सांगितलेली शिडी. तीन दरवाजे, तीन किल्ल्या. प्रश्नकर्ते नोकरी सोडून वर्षभर कोलकात्याला जाणार नाहीत हे उघड आहे, तेव्हा त्यांच्यापुरता एनआयएसचा विषय संपला. हे श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे भांडण नव्हे.

सहा आठवड्यांचा छोटा प्रमाणपत्र वर्गही संस्था घेते, आमच्या पिढीतल्या अनेक शिक्षकांनी तो उन्हाळ्याच्या सुट्टीत केला. मात्र तो आणि वर्षभराची पदविका यांना लोक सर्रास ‘एनआयएस केले’ असे एकाच तोंडाने म्हणतात. समितीपुढे कागद ठेवणाऱ्याने आणि तो पाहणाऱ्यानेही हा फरक ओळखावा.

शालेय स्पर्धांत मी अनेक वर्षे संघ नेले. तिथे शाळेचे पत्र आणि खेळाडूंच्या जन्मतारखेचे दाखले तपासत, शिक्षकाला फुटबॉलमधले काही येते की नाही हे कोणी विचारत नसे. भूगोलाच्या शिक्षकांना संघाबरोबर पाठवल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी काहींनी पोरांना सांभाळले छान, पण उपांत्य फेरीत प्रतिस्पर्ध्याने मधली फळी बदलल्यावर ते काय सांगणार होते?

वाशीच्या मित्रांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. भारताला १९५१ आणि १९६२ चे आशियाई सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे हैदराबादचे शाळामास्तर. त्या काळी आशियात लायसन्सची शिडीच नव्हती, तरीही ते बाहेरचे जे जे मिळेल ते अभ्यासत राहिले आणि इतरांच्या आधी संघाला ४-२-४ या मांडणीत (चार बचावपटू, दोन मधले, चार आघाडीचे) खेळवू लागले. पुढे १९६९ मध्ये जपानमध्ये डेट्मार क्रामर यांनी आशियाई प्रशिक्षकांसाठी फिफाचा वर्ग घेतला, तेव्हा आपले पी. के. बॅनर्जी त्यात विद्यार्थी म्हणून बसले. आशियाई सुवर्णपदक गळ्यात घालून आलेला माणूस पुन्हा वही घेऊन बसतो, याला मी बेकेनबाउअरांच्या पदनामापेक्षा मोठी गोष्ट मानतो.

उत्तर: एक पालक, घोडबंदर रोड

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तीन वर्षांपासून फुटबॉल शिकते. पालक म्हणून थोडे लिहिते.

आधी ती जिथे जात होती तिथल्या प्रशिक्षकाच्या टीशर्टवर एका परदेशी क्लबचे चिन्ह होते आणि माहितीपत्रकात ‘प्रमाणित’ हा शब्द ठळक छापलेला होता. एप्रिलमध्ये भर दुपारी कृत्रिम टर्फवर सराव चालू असताना एका मुलाला चक्कर आली. कृत्रिम टर्फ नैसर्गिक गवताहून किती तरी जास्त तापते हे तिथे कोणाला ठाऊक नव्हते, पाण्यासाठी थांबण्याची ठरलेली वेळ नव्हती, आणि प्रथमोपचाराची पेटी कार्यालयाच्या कपाटात कुलपात होती. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, असे मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही. आम्ही तिथून बाहेर पडलो.

म्हणून प्रश्नकर्त्यांना सांगावेसे वाटते की, सोसायटी कागद मागते तो निव्वळ फुटबॉलसाठी नाही. मुलांना एकटे पाठवताना समोरचा माणूस कोण आहे, त्याची नोंद कुठे तरी आहे का, हे आम्हाला हवे असते. पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे. हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. मुली असतील तर एखादी महिला प्रशिक्षक किंवा निदान एखादी पालक मैदानावर हजर असावी, फोटो काढण्याआधी विचारावे, व्हॉट्सॲपवर मुलांशी परस्पर संदेश नकोत, पालकांचा गट असावा. या गोष्टी लायसन्सच्या कागदावर छापलेल्या नसतात, पण ज्याने रीतसर वर्ग केला आहे त्याच्याशी त्या बोलता येतात, तो बिथरत नाही.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक. गडहिंग्लज तालुक्यातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी एएफसीच्या ए लायसन्सपर्यंत मजल मारली आणि महासंघाच्या बालस्तरावरील उपक्रमाचे प्रमुखपद सांभाळले. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. एवढे घराजवळ घडूनही आमच्या भागात महिला प्रशिक्षक शोधावी लागते. प्रश्नकर्त्यांच्या वसाहतीतील एखादी खेळलेली ताई त्यांच्याबरोबर वर्गाला जाऊ शकली तर फार बरे होईल.

उत्तर: डावा बचावपटू, घणसोली

सर्वांचे मनापासून आभार. एनआयएसचा गुंता सुटला आणि त्या खाजगी संस्थेला मी नकार कळवला आहे. आमच्याकडे महाविद्यालयीन संघातून खेळलेली एक शेजारीण आहे, तिला विचारतो. वाशीकरांचा मुद्दा मात्र अजून मनात आहे: बेकेनबाउअरांना ज्याची गरज पडली नाही, ते मला बंधनकारक का वाटावे?

उत्तर: कोपरीचा प्रशिक्षक, ठाणे पूर्व

वाशीच्या मित्रांनी दिलेली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही.

त्या प्रत्येक उदाहरणात मुख्य माणसाच्या पाठीशी कोण होते ते पाहा. फोलर यांच्यामागे लायसन्सधारी स्किबे होते. युव्हेंटसमध्ये पिर्लो यांच्याभोवती सहायक, तंदुरुस्तीचे तज्ज्ञ, डॉक्टर, विश्लेषक अशी फौज होती. रँसच्या संघातले सगळे खेळाडू व्यावसायिक. स्टिल यांनी एखादा सराव चुकीचा घेतला असता तर ज्येष्ठ खेळाडूंनी दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगितले असते. शिवाय क्लबकडे दंड भरायला पैसे होते. वरच्या पातळीवर नियम कडक आहे, पण तो मोडला तरी सांभाळून घेणारे शंभर हात आहेत.

आमच्या पातळीवर उलटे आहे. नियम सैल, विचारणारे कोणी नाही, आणि सकाळी साडेसहाला मैदानावर तुम्ही एकटे. नऊ वर्षांच्या मुलाला सराव चुकतो आहे हे कळत नाही. तुम्ही त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्यात तर तो मुकाट मारेल आणि यालाच फुटबॉल म्हणतात असे समजेल. गुडघा दुखला तरी बाहेर बसवतील या भीतीने बोलणार नाही. म्हणूनच मला वाटते की प्रोपेक्षा डीची गरज जास्त आहे, जरी वर्तमानपत्रात बातमी प्रोचीच येते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर खालिद जमील यांचे घ्या. मुंबई एफसीसारख्या तुटपुंज्या साधनांच्या संघाबरोबर त्यांनी कित्येक मोसम काढले, मग २०१६-१७ मध्ये ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली, २०२१ मध्ये इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमधल्या संघाचे पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले भारतीय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक. शिडी आणि मैदानावरची वर्षे दोन्ही बरोबरीने चढली.

आता कामाचे. आधार कार्ड, जन्माचा दाखला, छायाचित्रे आणि वैद्यकीय दाखला आधीच तयार ठेवा. वर्गाची घोषणा झाल्यावर धावपळ करणाऱ्यांच्या जागा जातात. सोसायटीच्या समितीला लेखी कळवा की अमुक वर्गासाठी नाव नोंदवत आहे, तोवर सरावाला एक पालक हजर राहील. समित्यांना सहसा तेवढे चालते. दरम्यान सुट्टीच्या दिवशी खारघरच्या सिडको मैदानाकडे किंवा जिथे लहान गटांचे रीतसर सराव चालतात तिथे जाऊन कुंपणाबाहेरून नुसते बघा, मुलांकडे नाही, प्रशिक्षकाकडे. तो कुठे उभा राहतो, किती वेळ गप्प राहतो ते टिपून घ्या. आणि तुमचे घर ठाणे जिल्ह्यात येते, खारघर-पनवेल रायगडमध्ये. अर्जात जिल्हा लिहिताना नवी मुंबईकरांचा हमखास गोंधळ होतो, तेवढे जपा.